पोथीतल्या रुक्मिणीचं लग्न

प्रिय पिल्ला,

रविवारी फोनवर तू विचारलंस, "आई, तुमच्या गावात टीव्ही नव्हता, मोबाइल नव्हता, लाइटपण सारखी जायची. मग रात्री जेवण झाल्यावर तुम्ही करायचात काय? नुसतंच बसायचात?" मी म्हटलं, "नाही गं, खूप काही असायचं," आणि तेवढ्यात माझी ड्यूटीची वेळ झाली. दिवसभर वॉर्डात तुझा प्रश्न मनात राहिला. आज सुट्टी आहे. इथं डब्लिनला डिसेंबरात चार-सव्वाचारलाच अंधार पडतो, त्यामुळं संध्याकाळ भली मोठी हाताशी आहे. पत्र आजीला शेजारी बसवून वाच. माझ्याकडून काही राहिलं तर ती भर घालेल.

आपलं गाव तू पाहिलंयस ते डाळिंबाच्या बागा झाल्यावरचं. मी तुझ्याएवढी, दहा वर्षांची होते ते साल १९८८. सांगोला तालुका तेव्हा पावसाची वाट बघून जगायचा. सोलापूरहून एसटीनं अडीच-तीन तास, मग फाट्यावर उतरून पुढं चालत. विजेचे खांब गावात आले होते, पण रात्री लाइट असेल असं कुणी धरून चालत नसे. दिवस मावळता मावळता भाकरी व्हायची, जेवणं उरकायची, भांडी अंगणात पडायची आणि देवळाकडनं घंटा ऐकू यायची. मग बायका पोरांना हाका मारायच्या, "चला गं, पोथी लागली."

पोथी म्हटलं की तुला आजी सकाळी देवापुढं बसून पुटपुटते ते आठवेल. गावाची पोथी निराळी. आषाढी एकादशी झाली की मारुतीच्या देवळात पोथी लावायची आणि चातुर्मासभर रोज रात्री गावानं ती ऐकायची. हरिविजयाचे ३६ अध्याय, पांडवप्रतापाचे ६४. रात्रीला एक अध्याय धरला की शंभर रात्री झाल्या, आणि एकादशी, अमावास्या, पाऊस, कुणाचं सुतक असे खाडे धरले की थेट कार्तिकी यायची. हे गणित मी तेव्हा बोटावर करून ठेवलं होतं.

या दोन्ही पोथ्या रचणारा श्रीधर कवी आपल्याच तालुक्यातल्या नाझऱ्याचा. जन्म १६५८ चा. हरिविजय त्यानं १७०२ साली पुरा केला, पांडवप्रताप १७१२ साली. पुढं तो पंढरपुरात राहिला आणि तिथंच गेला. पण आमच्या गावाला तो कुणी जुना कवी वाटायचाच नाही. गुरुजी वाचताना "श्रीधर म्हणे" असं काही आलं की मागून एखादा म्हातारा म्हणायचा, "आपल्या नाझऱ्याचा!" जसा काही तो परवाच बाजारात भेटला होता.

पोथीला माणसं दोन लागत. एक वाचणारा, एक अर्थ सांगणारा. वाचायला आमच्या शाळेतले निवृत्त गुरुजी. चौरंगावर लाल फडक्यात बांधलेली पोथी, सुटी आडवी पानं, शेजारी कंदील. पावसाळ्यात कंदिलाभोवती इतकी पाखरं जमायची की गुरुजी एका हातानं पान धरायचे आणि दुसऱ्या हातानं पानावरची पाखरं हलकेच बाजूला सारायचे. मारायचे नाहीत. घासलेटाची पाळी घरटी लावलेली असायची. आमच्या घराची पाळी असली की आजी बाटलीला कागदाचा बोळा लावून माझ्या हातात द्यायची, आणि ती सांडू न देता देवळापर्यंत नेताना मला फार मोठं काम केल्यासारखं वाटायचं.

अर्थ सांगायला आबा. आबा म्हणजे कुणी शास्त्री-पंडित नव्हेत, ते मेंढपाळ होते. अक्षर ओळख नव्हती. दिवाळीनंतर माळावरचा चारा संपला की मेंढरं घेऊन दूर मुलखात जायचे आणि पाऊस पडला की परत यायचे, म्हणून चातुर्मासात ते गावात सापडत. पोथी त्यांना ऐकून ऐकून पाठ झाली होती. गुरुजी ओवी चालीवर म्हणून थांबायचे, की आबा घसा खाकरून म्हणायचे, "म्हंजी बगा, काय झालं..." आणि त्या ओवीत नसलेलं कितीतरी त्यांच्या तोंडून बाहेर यायचं. बकासुराकडं भीम गाडाभर अन्न घेऊन जातो ना, त्या गाड्यात आबा ज्वारीच्या भाकरीची चवड, हुलग्याचं माडगं आणि शेंगाचटणी भरायचे. यमुनेला पूर आला म्हणजे किती, तर "आपल्या माणनदीला त्या साली आलता, त्याच्या धापट." गोकुळातल्या गाई मोजताना ते आमच्या गावातल्या खिलार गाईंची नावं घ्यायचे, आणि ज्याच्या गाईचं नाव आलं तो माणूस अंधारातसुद्धा ताठ बसलेला कळायचा.

आता यात आम्हा पोरांचं काम काय, तर हुंकार द्यायचा. सांगणाऱ्याच्या प्रत्येक वाक्यानंतर कुणीतरी "हूं" म्हणावं लागतं, नाहीतर गोष्ट पुढं सरकत नाही. दिवसभर रानात राबलेली मोठी माणसं पेंगायची, म्हणून आबांनी ते काम पोरांना दिलं होतं. रोज एक पोर त्यांच्या गुडघ्याजवळ बसायचं. नुसतं हूं-हूं करून चालायचं नाही. दुःखाच्या जागी हळू, युद्धात जोरात, आणि नवल वाटलं तर "आं?" असं म्हणायचं. ज्या रात्री माझी पाळी असे त्या दिवशी मी दुपारी झोपून घ्यायची. तुझ्या आजीला विचार, एरवी मला दुपारी झोपवायचं म्हणजे तिला केवढे कष्ट पडायचे.

कुणी उशिरा आलं की आबा थांबायचे. "बस माय. आत्ता अक्रूर रथ घिऊन आलाय," असं त्या बाईला थोडक्यात सांगून मग पुढं. कुणी शंका काढली तरी थांबायचे. एकदा माझ्याच मैत्रिणीनं विचारलं, कंसाला आकाशवाणीनं सांगितलंच होतं तर त्यानं देवकी आणि वसुदेवाला वेगवेगळ्या तुरुंगांत का नाही ठेवलं? सगळा मांडव गप्प झाला. गुरुजींनी चष्मा काढला. आबा म्हणाले, "पोरी, ह्याचा इचार मी रातीतनं करतो." दुसऱ्या रात्री त्यांनी सांगितलं, "कंसाला बहिनीची माया व्हती. म्हनून तुरुंगात टाकली, पर जोडी मोडली न्हाई." हे कुठल्या पोथीत आहे का ते मला माहीत नाही. मला ते आजही पटतं.

आणि मग यायची रुक्मिणीच्या लग्नाची रात्र.

तू दर वर्षी सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत बाबांच्या खांद्यावर बसून अक्षता सोहळा बघतेस ना? सिद्धेश्वराच्या योगदंडाशी कुंभाराच्या लेकीचं लग्न लागतं, सात नंदीध्वज सम्मती कट्ट्यापाशी येतात, बाराबंदी घातलेली माणसं, आणि "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" झालं की एवढी मोठी गर्दी एकदम अक्षता टाकते. घडून शेकडो वर्षं झालेलं लग्न सोलापूर दर संक्रांतीला पुन्हा लावतं. आमच्या गावाचं हरिविजयातलं लग्न तसंच होतं, फक्त चार-पाचशे माणसांचं.

रुक्मिणी कृष्णाला गुपचूप पत्र पाठवते तो अध्याय जवळ आला की गावाला लग्नाचा अंदाज यायचा. गावाचे दोन भाग पडायचे. वेशीकडची आळी कृष्णाची, देवळाकडची आळी रुक्मिणीची. आपलं घर देवळामागं, म्हणून आम्ही मुलीकडचे. मुलीकडचे म्हणजे कामं सगळी आमच्याकडं. आजीनं तेव्हा घरोघर फिरून गूळ, गहू, शेंगदाणे गोळा केले होते, लापशीसाठी. ज्वारीला हळद-कुंकू लावून अक्षता केल्या. आपल्या भागात अक्षता ज्वारीच्याच. त्या सुपात पसरून वाळवताना माझे हात दोन दिवस पिवळे राहिले.

रात्री देवळात कृष्णाची तसबीर एका पाटावर, आणि समोरच्या पाटावर तांब्याचा कलश, त्याला हिरवा खण नेसवलेला, वर नारळ, नारळाला मुंडावळ्या. ती रुक्मिणी. गुरुजी वाचू लागले. शिशुपालाची वरात आली, रुक्मिणी अंबिकेच्या देवळाकडं निघाली, आणि कृष्णानं तिला रथात घेतलं त्या ओवीला वेशीकडच्या आळीनं एकच गिल्ला केला. मग रुक्मी पाठलाग करतो, कृष्ण त्याला बांधतो आणि त्याचं डोकं, मिशा अर्धवट भादरून सोडून देतो. इथं आबा रेंगाळायचे. कुठं किती केस ठेवले ते हातानं दाखवायचे, आणि आम्ही पोरं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडायचो. मग एकदम आवाज खाली आणून ते म्हणाले, "पर भाऊ हाय तिचा. तिनं हात जोडलं, म्हनून जित्ता सोडला." की लगेच बायका डोळ्यांना पदर लावायच्या.

त्या वर्षीचं एक सांगायचं म्हणून हे पत्र एवढं लांबलं. माझी थोरली काकू पंचविशीत विधवा झाली होती. खऱ्या लग्नांत ती मांडवात पुढं येत नसे. कुणी तोंडानं नको म्हणत नव्हतं, पण तिची जागा चुलीमागं ठरलेली होती. त्या रात्री अंतरपाट धरायला माणूस हवं होतं. एका बाजूला वेशीकडचे पाटील उभे राहिले. आमच्या बाजूनं कुणी पुढं यायच्या आत आबा म्हणाले, "थोरल्या वैनीला बोलवा." क्षणभर कुणी हललं नाही. काकू खांबाच्या मागं बसली होती, तिनं मानेनंच नाही म्हटलं. आबा परत म्हणाले, "देवाच्या लग्नात कुनाला बंदी हाय का? या माय." माझी आई, म्हणजे तुझी आजी उठली, काकूचा हात धरून तिला पुढं घेऊन आली. पांढऱ्या उपरण्याचं टोक काकूच्या हातात दिलं. मंगलाष्टका चालू असताना मी तिच्या हाताकडं बघत होते. उपरणं थरथरत होतं, आणि तिनं ते शेवटपर्यंत खाली येऊ दिलं नाही.

पण तुला अर्धंच सांगितलं तर ते खोटं होईल. त्याच लग्नात हलगी वाजवणारी माणसं देवळाच्या पायरीखाली उभी होती. हलगीशिवाय लग्न लागत नव्हतं, तरी लापशी त्यांना तिथंच, खाली, वेगळ्या पातेल्यातून मिळाली. पोथीसुद्धा ते रोज रात्री खालूनच ऐकत आले होते. आबांना काकू दिसली, ते दिसले नाहीत. मलाही दिसले नाहीत. माझ्या वर्गातली एक मुलगी त्यांच्यात उभी होती, आणि मला तेव्हा एवढंच वाटलं की तिला अक्षता लांबून फेकाव्या लागणार. हे आठवतं तेव्हा मला फार लाज वाटते. पुढं गावच्या तरुणांनी ते मोडलं, आज सगळे एका मांडवात बसतात, पण जे होतं ते होतं, आणि गावच्या गमतीजमती तुला सांगताना ते मी गाळणार नाही.

पोथीखेरीजही खूप होतं. नागपंचमीच्या आधी आठ दिवस रात्री बायकांचा खेळ चालायचा, तिथं पुरुषांना मज्जाव. फेर, झिम्मा, फुगडी, पिंगा, आणि चिंचेला बांधलेला झोका, ज्यावर माहेरी आलेल्या लेकी उभ्यानं असा झोका घ्यायच्या की पायांनी वरच्या फांदीचा पाला तोडायच्या. तुझी आजी त्यात पहिली. आज गुडघे धरून जिना चढते तीच. हादग्याला पाटावर हत्ती आणि रोज एका घरची खिरापत, डबा हलवून आवाजावरून ओळखायची. कधी बहुरूपी पोलिसाच्या वेषात येऊन आख्खी आळी घाबरवून जायचा, पहाटे वासुदेव यायचा, नंदीबैल मान हलवून पावसाचं भाकीत सांगायचा. दरवेशी अस्वल घेऊन यायचा तेव्हा मात्र मी घरात पळायची. त्याच्या नाकातल्या दोरीकडं माझ्यानं बघवत नसे. आता अस्वल खेळवायला कायद्यानं बंदी आहे ते बरं झालं. यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा, खाली मातीत बसून बघायचा, बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला. तमाशाही यायचा, पण तो आम्हा मुलींना फक्त लांबून, ढोलकीच्या आवाजापुरताच माहीत.

आणि दसऱ्याला बिरोबाच्या माळावर गजी. ढोल घुमायला लागले की हातात रंगीत रुमाल घेतलेली माणसं रिंगण धरून नाचायची. त्यात आबा. आमच्या देवळात मांडी घालून हळू बोलणारे आबा त्या रिंगणात निराळेच दिसायचे. नाच थांबला की "सुंबरान मांडलं" म्हणून ओव्या सुरू व्हायच्या, एका गटानं म्हणायची, दुसऱ्यानं उचलायची, बिरोबाची गोष्ट पहाटेपर्यंत. तिथंही गुडघ्याशी बसून "हूं" म्हणणारी पोरं असायचीच.

टीव्ही आला त्याच साली. दूरदर्शनवर महाभारत सुरू झालं, २ ऑक्टोबर १९८८ ला, रविवारी सकाळी. नोकरीवाल्या एका घरानं छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणला. लाइटचा भरवसा नाही म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची, ती जोडायची. छपरावर एक पोरगा अँटेना फिरवत ओरडायचा, "आलं का?" खालून सगळे, "आलं, आलं... गेलं!" लोक आंघोळ करून, चपला अंगणाबाहेर काढून बसायचे. टीव्हीला हार घातलेला असायचा. आबांना अगदी पुढं, पोत्यावर जागा दिली होती.

हिंदी तिथं निम्म्यांना कळत नव्हतं. पण आबांना पुढचं सगळं ठाऊक. पडद्यावर कुणी बोललं की आबा सवयीनं सुरू व्हायचे, "म्हंजी बगा, काय झालं..." आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिकडं दुसरंच कुणी बोलू लागायचं. पहिल्या रविवारी ते दोन-तीनदा गुरुजींकडं वळून म्हणाले, "जरा थांबवा की." गुरुजी म्हणाले, "हे थांबत नाही, आबा." भाग संपला, जाहिराती लागल्या, तरी माणसं उठली नाहीत. टीव्ही बंद केला, बॅटरी ट्रॅक्टरवाला घेऊन गेला, आणि मग त्याच अंगणात, बंद टीव्हीसमोर, आबांनी तो सगळा भाग पहिल्यापासून सांगितला. मी हुंकार दिला.

असं बरेच रविवार चाललं. पुढं गावात पाच-सहा टीव्ही झाले, घरोघर वेगवेगळी माणसं बसू लागली. देवळात पोथी लागत राहिली, पण ऐकणारे कमी होत गेले. एका वर्षी आबा पावसाळ्यात परत आले ते आजारी होऊन. त्या चातुर्मासात अर्थ सांगायला कुणी नव्हतं, गुरुजी नुसतंच वाचत होते.

गुरुजी गेल्यावर त्यांच्या मुलानं ती पोथी आजीला दिली. आपल्या घरात, आतल्या खोलीतल्या लोखंडी ट्रंकेत, साड्यांच्या खाली लाल फडक्यात आहे. जपून सोड, पानं कडक झाली आहेत, क्रम चुकवू नकोस. रुक्मिणीच्या लग्नाचा अध्याय शोधायला वेळ लागणार नाही, त्या पानांच्या कडा हळदीनं पिवळ्या झालेल्या आहेत.

या रविवारी रात्री आठला मी फोन करते. तुझे आठ म्हणजे माझे दुपारचे अडीच, मी जेवून मोकळी असेन. तू एक ओवी वाच, अडलं तर अक्षर लावून लावून वाच. अर्थ आजी सांगेल, तिला आबांचे सगळे हातवारे येतात. बाबांनाही बसव. हुंकार मी इथून देते.

तुझी,
आई